सांधा ओळखा, मग हात लावा : जुन्या सायकली जमवणाऱ्यांसाठी

मैंदर्गी, दुधनी, अक्कलकोट या पट्ट्यात जुनी सायकल शोधायला बाजारात जावं लागत नाही, ती घरातच असते. माळवदाखाली, गोठ्याच्या भिंतीला, कडब्याच्या आडोशाला आजोबांची काळी डबल दांड्याची सायकल उभी असते. टायर भुईला टेकलेले, सीटचं चामडं आकसलेलं, पण फ्रेम शाबूत. यामागे आपली कोरडी हवा आहे. सोलापूर जिल्ह्यात वर्षाला सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. कोकणातल्या खाऱ्या, दमट हवेत जी नळी आतून पोखरून जाते, ती इथे वरवरच्या तांबूस थरावर निभावून नेते. रबराला मात्र हेच हवामान मारक आहे. टायर, ट्यूब, ब्रेकची रबरं उन्हाने तडकलेलीच मिळणार. ती बदलायचीच, असं धरून चाला.

ही सायकल भंगारात किलोवर जाण्याआधी तिच्याकडे नीट बघणारी माणसं हवीत, म्हणून हा लेख. हौशी माणसाने सायकल हाती घेतली की तो पहिल्यांदा कंपनीचं नाव शोधतो, मग रंगाच्या दुकानात जातो. माझं सांगणं वेगळं आहे. आधी नळ्या एकमेकींना कशा जोडल्या आहेत ते पाहा. सायकलचं आयुष्य सांध्यात असतं. दुरुस्तीच्या नावाखाली सायकली कायमच्या बाद होतात त्या बहुतेक वेळा सांधा न ओळखता दिलेल्या उष्णतेने किंवा ठोक्याने.

आपल्याकडच्या जुन्या सायकलींचा सांधा पितळी असतो. नळी ज्या खोबणीदार तुकड्यात बसते त्याला लग म्हणतात. लग आणि नळी यांच्यातल्या बारीक फटीत वितळलेलं पितळ ओढलं जातं आणि दोन्ही भाग एकजीव होतात. ब्रिटिश कारखान्यांत हे काम भट्टीवर किंवा वितळलेल्या पितळात सांधा बुडवून होत असे. या पद्धतीचा मोठा गुण म्हणजे सांधा पुन्हा तापवता येतो. सुटलेला सांधा साफ करून, गॅसच्या ज्योतीवर साधारण नऊशे अंश सेल्सिअसपर्यंत नेऊन पितळ पुन्हा भरता येतं. वाकलेली नळी बदलता येते, मागचं चाक धरणारा चिमटा थंड अवस्थेतच हळूहळू फाकवता येतो. म्हणजे जुनी लोखंडी सायकल बरीचशी माफ करणारी आहे. तिला एकच गोष्ट सोसत नाही : इलेक्ट्रिक वेल्डिंग. ट्रॅक्टरची ट्रॉली आणि घराचं गेट जोडणारं मशीन दीड मिलिमीटरच्या आसपास जाड नळीवर लावलं, तर नळी जळून भोक पडतं. भोक पडलं नाही तरी सांध्याशेजारची पट्टी ठिसूळ होते आणि काही महिन्यांनी तिथेच मोडते. शिवाय पितळ असलेल्या जागी वेल्डिंग नीट धरतही नाही. गावातल्या वेल्डरला सायकल देण्याआधी त्याच्याकडे गॅस आणि पितळी कांडी आहे का, एवढं विचारा. नसेल तर सोलापुरात गॅसवर काम करणारा माणूस शोधा. चार दिवस उशीर झाला तरी चालेल.

आता शोधाशोध. कर्नाटकच्या सीमेवरचं गाव असल्याचा आपल्याला फायदा आहे. अफजलपूर, इंडीकडच्या खेड्यांतूनही सायकली निघतात, आणि तिथे ‘हळी सैकल ऐतेनरी?’ (जुनी सायकल आहे का?) असं कन्नडमध्ये विचारणाऱ्याला माळ्यावर चढू देतात. आधी वय झालेल्या मिस्त्रींना भेटा. कोणाच्या घरी कोणती सायकल होती हे त्यांना तोंडपाठ असतं, आणि बंद पडलेल्या दुकानाच्या मागच्या खोलीत जुने हब, कोन, कॉटर पिना डब्यात पडलेल्या असतात. गवळी, निवृत्त शिक्षक, पोस्टमन यांच्या घरी चौकशी करा. सायकल विकत घेताना घरच्यांकडून ती कुणी, कुठून, साधारण कधी घेतली हे लिहून घ्या आणि विक्रीची चिठ्ठीही घ्या. जुन्या काळी नगरपालिका सायकलवर कर घेऊन पत्र्याचा किंवा पितळी बिल्ला देत असे. तो हँडलला किंवा दांड्याला अडकलेला असेल तर काढून फेकू नका. त्या सायकलचं गाव आणि बऱ्याचदा वर्ष त्याच्यावरच असतं.

ओळख पटवताना स्टिकर आणि नावाच्या पट्टीवर विसंबू नका, ते सहज बदलता येतात. धातूत कापलेल्या खुणा पाहा. रॅलेच्या पुढच्या चक्रात बगळ्याची मुंडकी कापलेली असतात, कारण बगळा हे नॉटिंगहॅमच्या त्या कारखान्याचं चिन्ह होतं. रज-व्हिटवर्थच्या चक्रात हाताचा पंजा असतो. बीएसए म्हणजे बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स. ही कंपनी १८६१ साली बंदुकांसाठी निघाली, म्हणून तिच्या चिन्हात एकमेकींना टेकवून उभ्या केलेल्या तीन रायफली आहेत, आणि चक्रात बी, एस, ए ही अक्षरंच कापलेली दिसतात. हंबरचा पुढचा चिमटा दुरूनही ओळखू येतो. प्रत्येक बाजूला एक नळी न ठेवता त्यांनी दोन बारीक नळ्या ठेवल्या होत्या. मागच्या चाकात स्टर्मे-आर्चरचा तीन गिअरचा हब असेल तर नशीबच उघडलं. हबच्या पोटावरची घाण पुसा. ‘एडब्ल्यू’ या अक्षरांजवळ आकडे ठोकलेले दिसतील. ५४ आणि ७ असं असेल तर तो हब जुलै १९५४ चा. हे हबचं वय झालं, फ्रेमचं नव्हे. चाक नंतर बदललेलं असू शकतं. तरी बाकीच्या खुणांशी ते जुळलं तर सायकलचं वर्ष जवळजवळ हाती येतं.

इथे एक आग्रह धरतो. विलायती नावांच्या मागे धावताना देशी सायकलींना कमी लेखू नका. स्वातंत्र्याच्या आसपास आणि नंतर आयात आवळली गेली आणि मुंबईत वरळीच्या कारखान्यातून हिंद, आसनसोलच्या कारखान्यातून सेन-रॅले, मद्रासजवळ अंबत्तूरहून १९४९ साली स्थापन झालेल्या टीआय सायकल्सच्या हर्क्युलिस, सोनीपतहून १९५१ पासून ॲटलस अशा सायकली गावोगाव आल्या. आपल्या भागाची शेती, दूध, डाक, शाळा ज्यांच्यावर चालली त्या बहुतांशी याच. हिंद सायकलचा कारखाना केव्हाच इतिहासजमा झाला, आणि ॲटलसचा साहिबाबादचा कारखाना २०२० च्या जूनमध्ये, नेमका जागतिक सायकल दिनी, थांबला. मूळ रंगातली, मूळ चेनकव्हर असलेली हिंद किंवा जुनी ॲटलस मिळाली तर ती रॅलेइतक्याच आदराने ठेवा. रॅले जगभर जपल्या जातात. यांना जपणारं आपल्याशिवाय कोणी नाही.

पुण्याला जाणं झालं तर कर्वेनगरमधलं विक्रम पेंडसे सायकल संग्रहालय जरूर बघा. २०१७ पासून ते खुलं आहे. दुसऱ्या महायुद्धात छत्रीधारी सैनिकांसाठी बीएसएने केलेली घडीची सायकल तिथे आहे. पण मैंदर्गीच्या माणसाने तिथे सायकलींच्या बरोबरीने दिवे, पंप, कुलपं, सीटं, जुन्या जाहिराती असा लवाजमा पाहावा. आपण सायकल घेतो आणि तिच्याबरोबर पडलेला कार्बाइडचा दिवा, डायनॅमो, लाकडी मुठीचा पंप तिथेच सोडून येतो. तो पुन्हा मिळत नाही.

सायकल घेण्याआधी फ्रेमची तपासणी उजेडात करा. पुढच्या डोक्याच्या नळीमागे, दांडा आणि खालची तिरपी नळी जिथे जोडल्या जातात तिथे खालच्या बाजूने बोट फिरवा. रंगाला सुरकुती किंवा नळीला फुगवटा लागला तर ती सायकल कधी काळी समोरून आदळली आहे. मग क्रँकचा आस जिथून जातो त्या आडव्या नळीकडे, मिस्त्री जिला बीबी म्हणतात तिच्याकडे या. सगळं पाणी शेवटी तिथे उतरतं. स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने ठोकून बघा : खणखणीत आवाज आला तर नळी जाड आहे, बद्द आवाज आला तर आतून खाल्ली आहे. फ्रेम तिरकी आहे का हे दोऱ्याने कळतं. मागच्या एका बाजूच्या चाक बसवायच्या खाचेला दोरा बांधा, तो पुढच्या डोक्याच्या नळीला वळसा घालून दुसऱ्या बाजूच्या खाचेपर्यंत ताणून आणा, आणि सीटच्या नळीपासून दोन्ही बाजूंचं अंतर मोजा. एक-दोन मिलिमीटरचा फरक चालतो. त्याहून जास्त असेल तर किंमत पाडून मागा.

घरी आणल्यावर आधी फोटो काढा, सगळ्या बाजूंनी. नट, वायसर, ब्रेकच्या सळ्यांच्या जोडण्या कुठे कशा होत्या हे महिन्याभराने आठवत नाही. मग धूळ काढा, ओल्या मऊ फडक्याने आणि सौम्य साबणाने. रॉकेल, पेट्रोल, थिनर रंगाला लावू नका. जुनी सोनेरी रेघ आणि कंपनीचं चित्र वॉर्निशखाली असतं. थिनरने ते क्षणात पुसलं जातं आणि नंतर कोणी कितीही चांगलं रंगवलं तरी ती रेघ परत येत नाही. माझं ठाम मत आहे की साठ टक्के मूळ रंग उरला असेल तर सायकल रंगवू नये. मेण लावून घासावी आणि ठेवावी. चकचकीत नवा काळा रंग आणि नवं क्रोमियम चढवलेली १९५० ची रॅले लग्नाच्या वरातीत शोभेल, संग्रहात ती तिचं निम्मं बोलणं हरवून बसलेली असते.

क्रोमियमवरचा गंज काढायला ॲल्युमिनियमची पातळ चांदी चुरगाळून पाण्यात बुडवा आणि हलक्या हाताने घासा. वरवरचा तांबूस थर निघून जातो, क्रोमियमला ओरखडा येत नाही. गंज खोल असेल तर ऑक्झॅलिक ॲसिडच्या पातळ द्रावात भाग काही तास बुडवून ठेवतात. हे विषारी आहे. हातमोजे घाला, लहान मुलं आणि जनावरांपासून लांब, उघड्यावर काम करा, आणि नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने भाग धुऊन लगेच कोरडा करून तेल लावा. चामड्याची सीट असेल, विशेषतः १८६६ साली सुरू झालेल्या ब्रुक्सची, तर तिला तेलात भिजवायचा मोह टाळा. गोडेतेल प्यायलेलं चामडं सैल पडतं आणि झोळीसारखं लोंबतं. चरबीयुक्त चामड्याचं मलम खालच्या बाजूने थोडं थोडं लावत महिनाभर वाट पाहिली तर आकसलेलं चामडंही जिवंत होतं.

मग उघडझाप. सर्वांत जास्त सायकली क्रँकला आसाशी जखडणाऱ्या कॉटर पिनशी झालेल्या मारामारीत बिघडतात. पिन गंजून बसलेली असते, माणूस नट काढून टाकतो आणि हातोडा घालतो. आटे चेपतात, पिन वाकते आणि बीबीच्या वाट्यांवर धक्का बसून खड्डे पडतात. योग्य रीत अशी : गंज सोडवणारं तेल रात्रभर मुरू द्या. नट पूर्ण न काढता पिनच्या टोकाशी सपाट येईल इतकाच सैल करा. क्रँकच्या खाली, पिनच्या बाजूला, जमिनीवर टेकलेला जाड पाइप उभा धरा, म्हणजे ठोक्याचा जोर जमिनीत जाईल. आणि एकच सणसणीत ठोका द्या. दहा हलक्या ठोक्यांनी पिन आणखी घट्ट बसते. नवी पिन बसवताना तिचा सपाट उतार कानसेने जुळवून घ्यावा लागतो, आणि दोन्ही पिनांची तोंडं एकमेकांच्या उलट असावी लागतात, नाहीतर पायडलं एका रेषेत येत नाहीत.

आट्यांची दिशा लक्षात ठेवा. डावं पायडल उलट्या आट्याचं असतं. इंग्लिश मापाच्या बीबीत चेनच्या बाजूची वाटी उलट्या आट्याची असते. जुन्या नॉटिंगहॅमच्या रॅलेमध्ये आणखी एक फेर आहे : बीबी आणि डोक्याच्या वाट्यांचे आटे इंचाला सव्वीस असतात, इतरांचे चोवीस. बाजारातली नवी वाटी तिथे दोन फेरे जाते आणि अडकते. तिथेच थांबा. जोर लावला तर फ्रेमचे आटे जातील. रॅलेच्या मूळ वाट्या झिजल्या असल्या तरी सांभाळा आणि फक्त छर्रे बदला. मागच्या हबला आणि बीबीला पाव इंची छर्रे लागतात, बीबीत दर बाजूला अकरा, हबमध्ये नऊ. पुढच्या हबला तीन-षोडशांश इंची, दर बाजूला दहा. सगळे एकाच वेळी, एकाच पाकिटातले घाला. जुन्या-नव्यांची सरमिसळ झाली की सगळा भार मोठ्या छर्‍यांवर पडतो. स्टर्मे-आर्चरच्या हबला मात्र ग्रीस भरू नका. त्याच्या पोटावरच्या टोपणातून पातळ तेलाचे काही थेंब पुरतात.

चाकांचं काम मिस्त्रीकडे द्या. जुन्या सायकलीला पुढे ३२ आणि मागे ४० तारा असतात आणि आऊट काढणं हे सवयीच्या हाताचं काम आहे. २८ बाय दीडचे टायर आजही सहज मिळतात, कारण काळी सायकल देशात अजून बनते. विलायतेतले संग्राहक याच टायरसाठी भारताकडे बघतात.

आता दुसऱ्या टोकाचा सांधा. कधीतरी पुण्या-मुंबईत, शर्यतवाल्या जुन्या खेळाडूकडे, किंवा परदेशातून परतलेल्या नातेवाइकाच्या सामानात तुम्हाला चंदेरी, हलकी, वेल्डिंगची किंवा पितळाची एकही खूण नसलेली फ्रेम दिसेल. मुंबई-पुणे शर्यतीत खंडाळ्याच्या घाटात ‘घाटाचा राजा’ होण्याची स्वप्नं बघणाऱ्या पिढीने अशा फ्रेमची चित्रं वहीत चिकटवली होती. ती इटलीची ॲलन असू शकते. पादुआजवळ १९७२ साली लोदोविको फाल्कोनी यांनी ही कंपनी सुरू केली. तिच्या ॲल्युमिनियमच्या नळ्यांच्या टोकांना आटे पाडलेले असत, त्या ॲल्युमिनियमच्याच लगमध्ये फिरवून बसवत आणि सांध्यात चिकटद्रव्य असे. चिखलातल्या सायक्लोक्रॉस शर्यतींत या फ्रेमनी जागतिक विजेतेपदं मिळवली. फ्रान्सची व्हिटस ९७९ थोडी नंतरची, तिच्यात आटे नव्हते, नुसतं चिकटवणं होतं. आयर्लंडचा सीन केली १९८० च्या दशकातल्या मोठ्या शर्यती तिच्यावर जिंकला.

पितळी सांध्याबद्दल वर जे सांगितलं ते सगळं इथे उलटं होतं. उष्णता वर्ज्य. पावडर कोटिंगची भट्टी १८० ते २०० अंशांची असते. त्यात ही फ्रेम घातली तर गोंदाचं काम संपलं, मग बाहेरून ती कितीही सुंदर दिसो. आर्गॉन वेल्डिंग करणारा ‘ॲल्युमिनियम आहे, जोडून देतो’ म्हणेल. ऐकू नका. गोंद जळेल आणि नळीची मूळ ताकदही त्या जागी उतरेल. रंग किंवा डाग काढायला कॉस्टिक सोडा लावू नका, तो ॲल्युमिनियम खातो. नवं रुंद हबचं चाक बसवायला मागची खाच फाकवू नका. लोखंडी फ्रेम फाकते, ही सांध्यातून सुटते.

विकत घेताना प्रत्येक लगच्या कडेवर नख फिरवा. नळी आणि लग यांच्यामध्ये पांढरी भुकटी, काळी रेष किंवा केसाएवढी फट दिसली तर सांधा सुटायला लागला आहे. एका हाताने डोक्याची नळी आणि दुसऱ्या हाताने सीटची नळी धरून पिळून बघा. करकर आवाज किंवा सूक्ष्म हालचाल जाणवली तरी तेच समजा. सीटची पट्टी आवळायची जागा आणि डोक्याचा लग इथे तडे जातात, तिथे भिंगातून बघा. ॲल्युमिनियमच्या चिमट्यावर तर माझा विश्वास नाही. फ्रेम चालवायची असेल तर मूळ चिमटा पिशवीत घालून जपून ठेवा आणि योग्य मापाचा पोलादी बसवा. बीबी इटालियन मापाची असेल तर दोन्ही बाजूंच्या वाट्या सरळ आट्याच्याच असतात आणि चेनच्या बाजूची वाटी चालवताना सैल होते. ती चांगली आवळा आणि अधूनमधून तपासा. लोखंडी बोल्ट ॲल्युमिनियममध्ये बसवताना ग्रीस लावल्याशिवाय बसवू नका. दोन धातूंमध्ये ओलावा शिरला की ते एकमेकांना घट्ट धरतात. सीटची दांडी याच कारणाने अडकते. दर वर्षी काढून पुसून ग्रीस लावून परत बसवा.

सुटलेला सांधा पुन्हा चिकटवता येतो का? येतो, पण पूर्ण सुटलेला असेल, आतला जुना गोंद आणि पांढरा थर शेवटपर्यंत साफ करता आला, पृष्ठभाग खरखरीत करून दोन भागांचं बांधणीचं इपॉक्सी एकसारखं लावता आलं आणि फ्रेम सरळ रेषेत पकडून पूर्ण सुकू देता आली तरच. ॲलनसारखा आटेदार सांधा अर्धवट सुटला असेल तर तो घरी खोलणं जवळजवळ अशक्य आहे, कारण एक नळी फिरवायची तर तिचं दुसरं टोकही मोकळं असावं लागतं. फटीतून वरून इपॉक्सी ओतून रस्त्यावर नेणं म्हणजे जिवाशी खेळ. अशी फ्रेम भिंतीवर मांडा. तिला चालवण्याची गरज नाही. आणि मैंदर्गीच्या उन्हाळ्यात ती पत्र्याखाली ठेवू नका. घरातल्या सावलीतल्या, कोरड्या भिंतीवर ठेवा.

लोखंडी सायकल मात्र चालवा. सगळं जोडून झाल्यावर पहिल्या दिवशी सपाट रस्त्यावर, पाना खिशात ठेवून, थोडंसंच अंतर जा. सळईचे ब्रेक ओल्या रिमवर उशिरा लागतात, तेव्हा सुरुवात कोरड्या दिवशी करा. थोडं अंतर झालं की उतरा आणि दोन्ही कॉटरचे नट पुन्हा आवळा. पिन तिच्या जागी बसली की नट हटकून सैल होतो, आणि हे पहिल्याच फेरीत होतं. परत आल्यावर आणखी एकदा तपासा.